डोंगराच्या अलीकडचं गाव

माजलगावच्या सरकारी मदरशात मी मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य होतं. वर्गात उर्दूतून शिकवायचो, घरी मराठी बोलायचो आणि सुट्टी मिळाली की दोन्ही विसरून कॅमेरा घेऊन हिंडायचो. कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. पुढे भिंग, मध्ये कातडी भाता, मागे दुधी काच. ती पेटी वापरायला मला औरंगाबादच्या एका उस्तादांनी शिकवलं होतं. त्यांचा तिथे फोटोचा स्टुडिओ होता. ते बैठकीतल्या माणसांचे फोटो काढत. मला मात्र मोकळ्या मुलखाचं वेड होतं.

बायकोचं माहेर सिंदफणेच्या काठावर, आमच्यापासून थोडं वरच्या अंगाला होतं. गावात एक पडकी गढी होती. तिच्या एका शाबूत बुरुजावर चढलं की अगदी पायाशी पिंपळाचा पार दिसे. पाराला लागून खालची आळी, मग नदी, नदीपलीकडे जवारीची रानं आणि पार शेवटी बालाघाटचे डोंगर.

"अवं, एकदा आमच्या गावाचा फोटू काढा की," बायको म्हणायची. "समदं गाव येऊ द्या त्यात."

संक्रांतीला आम्ही गेलो, तेव्हा मी तो काढायचं ठरवलं. सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. धुतलेले पटके बांधून माणसं पारावर येऊन बसली. सासरे मात्र आधी बुरुजावर आले. मी त्यांना काळ्या फडक्याखाली घेतलं आणि दुधी काच दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"उलटं दिसतंय की, मास्तर."

"काचेवर तसंच दिसतं. कागदावर सरळ येईल."

"मग बरं हाय," म्हणाले आणि खाली जाऊन पारावर मधोमध बसले.

त्या सकाळी वारा होता. पिंपळाची पानं हलत होती, म्हणून भिंगाचं भोक मी मोठंच ठेवलं. भोक मोठं असलं की उजेड भरपूर येतो आणि क्षणात काम होतं. नेम धरला डोंगरावर. मुलखाचा फोटो म्हणजे डोंगर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. डोंगराची कड काचेवर केसासारखी बारीक दिसेपर्यंत मी भाता मागेपुढे करत राहिलो. पाराकडे मी पाहिलंच नाही असं नाही. माणसं बसली आहेत ना, सगळी चौकटीत आली आहेत ना, एवढं पाहिलं.

कागदावर फोटो उतरवून मी गावी नेला. हातोहात तो साऱ्या आळीतून फिरला. सासऱ्यांनी तो उन्हात धरला.

"ह्यात मी कुठला?"

"मधले. पारावर."

"पटका दिसतोय. तोंड कावून दिसत न्हाई?"

"फोटो लहान आहे, मामा."

त्यांनी मान हलवली. पण मला ते मनातून लागलं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, जिच्यावरून फोटो कागदावर उतरवला होता ती मूळ काच जपून बांधली आणि औरंगाबादला उस्तादांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू सरकवलं. डोंगरावरचं झुडूप न् झुडूप मोजता येत होतं. नदीही ठीक होती. अलीकडे येता येता सगळं विरघळत गेलं होतं. पारावरच्या माणसांना नाक-डोळे नव्हते.

"मियाँ, पहाड कुठं भागून चालला होता का?" उस्ताद म्हणाले. "त्याच्यावर नेम कशाला धरला?"

"लांबचं साफ यावं म्हणून."

"लांबचं तसंही आलं असतं." त्यांनी माझ्यासमोर मेजावर आडवी काडी ठेवली. "हा तुझा बुरूज. हा पार. तो पहाड. आता प्रत्येक भिंगाला, प्रत्येक भोकाला एक जागा ठरलेली असते. तिथं नेम धरलास, तर त्या जागेच्या निम्म्यापासून पार आस्मानापर्यंत सगळं साफ. तू नेम पहाडावर नेलास, म्हणजे निम्मा मुलूख फुकट घालवलास. पाराच्या जरा पलीकडं थांबायचं होतं. भोक बारीक करायचं होतं."

"भोक बारीक केलं तर वेळ लागतो. माणसं हलतात."

"तर त्यांना सांगायचं, हलू नका. तुझ्या सासऱ्यानं तुझ्यासाठी दम धरला नसता?"

पुढचे दिवस त्यांनी मला तेच करायला लावलं. स्टुडिओच्या गच्चीवर जवळ एक मडकं ठेवायचं, लांब मिनार. नेम मिनारावर नाही, मडक्यावरही नाही. मधल्या त्या जागेवर. सुरुवातीला दुधी काचेवर दोन्ही किंचित पुसट दिसत आणि मन घाबरे. मग भोक बारीक करत गेलं की काच अंधारी होई आणि त्या अंधारात मडक्याची चीर आणि मिनाराची जाळी दोन्ही उमटून येत. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला सासऱ्यांचाच चेहरा आठवला.

परतताना वाटेत सासुरवाडीला उतरलो आणि त्यांना सांगितलं, आता तुमचं तोंड दिसेल असा काढतो.

"मग काढा की आत्ताच. माणसं बोलावतो."

मी डोंगरांकडे पाहिलं. वैशाखातली धूळ होती, कड दिसतच नव्हती. पाऊस होऊन गेला की हवा धुतली जाते आणि डोंगर हाताला लागतील असे दिसतात. मी म्हणालो, "आता नको, मामा. दसऱ्याला काढू. सगळं लई साफ येईल."

"तुमी म्हनाल तसं," ते म्हणाले.

भाद्रपदात वरच्या अंगाला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. गावात तेव्हा ऊनच पडलं होतं म्हणतात. दुपारी सिंदफणा एकदम चढली. खालच्या आळीतली माणसं गढीवर पळाली. सासरेही सासूबाईंना घेऊन वर आले होते. पण गोठ्यात बैल बांधलेले होते, म्हणून ते पुन्हा खाली उतरले. दावं सुटलेले बैल पोहत पलीकडच्या उंचवट्याला लागले. सासरे दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडले.

आळीतलं एकही घर उभं राहिलं नाही. माणसांनी माळावर नवं गाव वसवायचं ठरवलं. सासूबाईंना आम्ही माजलगावला आणलं.

बायकोने तो संक्रांतीचा फोटो मागून घेतला. माझं काचेचं भिंग त्यावर ठेवून ती दुपारभर बसे. वडिलांना ती दादा म्हणे. एकदा मला हाक मारून म्हणाली, "ह्ये बघा, दादांनी हात वर केलाय का? का ती फांदी हाय?"

मी वाकून पाहिलं. खूप पाहिलं.

"सांगता येत नाही गं," मी म्हणालो.

"तुमाला डोंगर तर येवढा दिसतोय," ती म्हणाली. रागाने नाही. ती खरोखरच विचारत होती.

दसऱ्यानंतर मी एकटाच कॅमेरा घेऊन गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येणार नाही. हात मोकळे ठेवून बसवत नव्हतं, एवढं खरं. वारा पडलेला होता. पाराच्या पलीकडे दाराची एक उपटलेली चौकट पडली होती, तिच्यावर नेम धरला. भोक बारीक केलं. भिंगावरची टोपी काढून आकडे म्हणत उभा राहिलो. हलायला समोर कुणी नव्हतं.

तसा फोटो मला पुन्हा आयुष्यात जमला नाही. पाराच्या दगडांवर सुकलेल्या गाळाच्या भेगा, पिंपळात अडकलेली बाज आणि तिची तुटकी सुंभं, भिंतींच्या पायांची रांग, नदी, आडवी झालेली जवारी आणि शेवटी डोंगराची कड, सगळं एकसारखं स्वच्छ.

बायकोने तो पाहिला. बाजेवर तिचं बोट थांबलं. "ही शेजारच्यांची," म्हणाली. मग फोटो माझ्या हातात परत देत म्हणाली, "येवढं साफ कशाला काढलंत?"

घरात तो पुन्हा कुणी मागितला नाही. उस्तादांना दाखवला, तेव्हा त्यांनी भिंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो स्टुडिओत लावायला मागितला. मी हो म्हटलं. कधी तिकडे गेलो, की फोटो काढायला आलेले लोक त्याच्यासमोर उभे असलेले दिसत. वा, काय नजारा आहे, म्हणत. हा मुलूख कुठला, असंही एखादा विचारी. मी सिंदफणेकाठचा म्हणून सांगे आणि दुसरा विषय काढे.