ग्रामसभा ऐकणारी साबणाची डबी

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. चोऱ्या, खून, दंगली पुष्कळ पाहिल्या, त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण भातकुलीकडच्या एका गावातली साबणाच्या डबीची केस जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. आणि तिच्याविषयी बोलताना अजूनही माझा आवाज चढतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा ठाणेदार. मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपून डायरी पाहत होतो, तेवढ्यात त्या गावचे सरपंच आत आले आणि टेबलावर साबणाची एक प्लास्टिकची डबी ठेवली. डबीतून बाहेर आलेल्या वायरला मोबाईलचा जुना इअरफोन जोडलेला.

"सायेब, गावात हेर शिरला हाये," ते म्हणाले.

"कशावरून?"

"परवाच्या ग्रामसभेत मी जे बोललो, ते समदं माया बायकोले माहीत! मी घरी पोचाच्या आंधी! ते त दिवसभर वावरात धसकटं येचून राह्यली होती. अन् हे डबी तिच्या पिशवीत सापडली."

हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबलं. मलाही हसू आलं, पण डबी उघडली आणि ते गेलं. आत तांब्याच्या तारेची कॉइल, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, एक डायोड, एक ट्रान्झिस्टर आणि घड्याळाचा सेल. टाके असे सुबक की दुकानातलं वाटावं. हा रेडिओ होता. म्हणजे गावात कुठेतरी प्रक्षेपण करणारं यंत्रही होतं, आणि परवान्याशिवाय ते चालवणं गुन्हा आहे.

सरपंचांच्या पत्नीचा जबाब घ्यायला महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. डबी कुठून आली विचारलं.

"सापडली."

"कुठे?"

"वावरात."

"त्यात काय ऐकायच्या?"

"भजन."

पुढच्या दोन दिवसांत शेतावर काम करणाऱ्या अकरा बायकांना विचारलं. डबी सगळ्यांकडे, उत्तरही एकच. भजन. कोणतं भजन विचारलं की डोक्यावरचा पदर पुढे ओढून पुन्हा कामाला लागायच्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी सराईत चोर बोलते केले, पण या बायकांपुढे हात टेकले. एक गोष्ट मात्र कळली. घाबरलेली माणसं वेगवेगळं खोटं बोलतात. सगळी मिळून एकच खोटं बोलतात, तेव्हा ती कुणाच्या तरी पाठीशी उभी असतात.

इकडे सरपंच गप्प बसले नव्हते. वर जाऊन त्यांनी 'परदेशी हात' वगैरे कानावर घातलं होतं. दुपारी वरिष्ठांचा फोन आला. देशविरोधी कृत्याचं कलम लावा म्हणाले.

"सर, लेखी द्या, लावतो," मी म्हणालो.

लेखी काही आलं नाही.

आता त्या सभेविषयी. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी मोकळी जमीन, वीटभट्टीला द्यायची असं सरपंचांच्या मनात होतं. जमीन नाल्याकाठची, आणि तिला लागून माळ्यांच्या भाजीपाल्याच्या वाड्या. भट्टी लागली की धूर आणि राख थेट पिकावर. सभेत विषय निघाला होता, ठराव पुढच्या सोमवारी. सभा नेहमी सकाळी अकराला लावायची आणि रजिस्टरात 'सर्वानुमते' लिहून मोकळं व्हायचं, ही तिथली पद्धत. अकराला गावातल्या बायका वावरात असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यंत्र शोधायला आम्ही गाव पालथं घातलं. खांब नाही, मनोरा नाही, छतावर संशयास्पद काही नाही. यंत्र फक्त सभेच्या वेळी चालायचं, त्यामुळे डबी कानाला लावून फिरण्यातही अर्थ नव्हता. शेवटी ग्रामपंचायतीच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिलो. आवाज उचलायचा तर माईक इथेच कुठेतरी असणार. भिंतीला लागून एका विधवा माळीणबाईंची वाडी होती. वय पन्नाशीचं, कारल्याचा मांडव छान लागलेला. त्या बाजूला बसून वांगी निवडत होत्या.

मांडवाच्या कोपऱ्यात हातभर जमीन ओली होती, नुकतं पाणी टाकल्यासारखी. तिथे रोप नव्हतं, बी नव्हतं, काहीच नव्हतं.

मी स्वतः तिवश्याकडचा, माळ्याच्याच घरचा. मे महिन्यात आमच्याकडे काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा आई मिरचीच्या बुडाशी टाकायची. माळ्याच्या घरची बाई उन्हाळ्यात रिकाम्या जमिनीवर बादली ओतणार नाही. मी खाली बसून उकरलं. वीतभर खाली तांब्याची सळई लागली, तिला वायर जोडलेली.

"हे काय आहे, बाई?"

"अर्थिंग हाये." वांग्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "जमीन सुकली की अर्थिंग धरत नायी, आवाज खरखर करते. मनून रोज पाणी टाकते."

"कशाचं अर्थिंग?"

"आता काहून अडाणी बनून राह्यले, ठाणेदार सायेब? वरतं पाहा न."

वर पाहिलं. मांडवाच्या तारांमध्ये एक तार तांब्याची होती, प्लास्टिकच्या कड्या घालून बांबूपासून वेगळी ठेवलेली. तीच एरियल. कारली तिच्याखाली निवांत लोंबत होती. यंत्र वांग्यांच्या क्रेटखाली निघालं, त्याच्या माईकची वायर पंचायतीच्या भिंतीतल्या भोकात गेलेली. पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली कॉइल, एक क्रिस्टल, जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर, आणि वीज कसली, तर फवारणी पंपाच्या बॅटरीची. वा रे बाई! मनात म्हटलं, तोंडाने नाही.

"कुणी शिकवलं?"

"माया बापाचं अकोल्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॉइली समद्या मीच गुंडाळत होती. लग्न झालं अन् हात इथं मातीत गेले. पण इसरली नायी मी."

"मोबाईल आहेत की. ग्रुप आहे गावाचा."

"मोबाईल नवऱ्यापाशी रायते, सायेब. अन् ग्रुपचा अॅडमिन सरपंचाचा पुतण्या. बाईनं काई लिवलं की हाकलून देते."

"परवाना लागतो याला, बाई. गुन्हा आहे हा."

तेव्हा त्यांनी वांगं खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सभेत बसाचा हक्क हाये न आमाले? मंग सभा अकरा वाजता काहून लावते? आमी रोजी बुडवून येऊ शकत नायी, मनून मी सभाच वावरात पोचवली. कोनाचं चोरलं मी? न्या, यंत्र न्या. पन एक आयका. आता आयकाले यंत्र नायी, त सोमवारी बाया सभेतच येतीन."

मी पंच बोलावले, पंचनामा केला, यंत्र सील केलं, बाईंना नोटीस दिली. कायदा मोडला होता, मी कारवाई केली. त्यात मला लाज नाही.

सोमवारी सरपंचांनीच बंदोबस्त मागवला होता. गेलो. अकराला दहा मिनिटं असताना नाल्याच्या रस्त्याने बायका आल्या. हातात विळे, डोक्याला उन्हाचे रुमाल, कुणाच्या कडेवर लेकरू. एका दिवसाची रोजी सोडून आलेल्या. पटांगण भरलं, मग ओटा भरला. पुढच्या रांगेत सरपंचांच्या पत्नी मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माझी आरोपी.

सरपंच माझ्याकडे धावत आले. "सायेब, ह्या बायायले बाहेर काढा!"

"कोणत्या कलमाखाली?" मी विचारलं. "मतदार आहेत त्या. बसा तुमच्या जागेवर आणि सभा चालवा."

ठरावाच्या विरोधात हात वर करायला सांगितलं, तेव्हा ग्रामसेवकाला उभं राहून मोजावं लागलं. दोनदा मोजलं. त्या दिवशी रजिस्टरात 'सर्वानुमते' लिहिता आलं नाही. भट्टी बारगळली, वाड्या राहिल्या. पुढच्या सभा संध्याकाळी पाचला लागू लागल्या.

दोषारोपपत्र माझ्याच हाताने लिहिलं. गुन्ह्याच्या उद्देशापुढे लिहिलं, 'ग्रामसभा ऐकणे.' वरिष्ठांनी बोलावून घेतलं. हा काय उद्देश झाला, बदला म्हणाले. मी म्हणालो, तपासात हाच निघाला. बदलला नाही. बदली मात्र माझी झाली, अकोल्याला. होऊ दे. खाकी घातली म्हणजे वरून आलेलं प्रत्येक वाक्य खरं मानायचं, असं मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. आरोपीला पकडणं माझं काम. ती जे नाही, ते तिला ठरवणं माझं काम नाही, आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. हे मला त्या केसने पक्कं शिकवलं.

कोर्टात साक्षीला अकोल्याहून गेलो होतो. बाई वांगी विकून बाजारातून तशाच आल्या होत्या, पायाला माती होती. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल हाये, सायेब. मीच बनवलं, मीच चालवलं."

"पश्चात्ताप होतो का?"

त्यांच्या वकिलाने घाईघाईने मान हलवून खूण केली, हो म्हणा. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नायी," त्या म्हणाल्या.