कॅमेऱ्याच्या बॅगेची रंगीत तालीम

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण मीच सांगते. माझी मैत्रीण सायली सांगायला लागली की माझी फजिती दर वेळी दुप्पट होते.

मी वर्गात कधी हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी नाही. पण जोगेश्वरीच्या लेण्यांची सहल ठरली, बाईंनी विचारलं, “फोटो कोण काढेल?” आणि माझा हात वर गेला! बाईंनाही खरं वाटेना.

कॅमेरा दहिसरच्या मामाचा. त्याची एकच अट. “आधी धड बॅग घे, मग कॅमेरा देतो. माझी छत्री कुठे विसरलीस, आठवतंय ना?”

ते जाऊ दे.

मुलुंडच्या एकाच दुकानात मी बाबांना तीनदा नेलं. पाणी आत जाईल का? फोम किती जाड आहे? प्रश्न माझे, पण मी ते बाबांच्या कानात सांगायचे आणि बाबा मोठ्याने विचारायचे. शेवटी दुकानदार काका वैतागले.

“ताई, चाललात कुठे? हिमालयात?”

“नाही… जोगेश्वरीला.”

अखेर पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग घेतली. चोराला चेनच सापडायला नको!

काका म्हणाले, “घरी वजन भरून चालून बघा. खांदे दुखले तर बदलून देतो.”

कॅमेरा तर अजून मामाकडे. मग मी किलोभर बटाटे घेतले, माती लागू नये म्हणून पिवळ्या फडक्यात गुंडाळले आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात बसवले. आठवडाभर घरात मी आणि पाठीवर बॅग!

“अगं, भाजीला बटाटे दे ते!” आई ओरडायची.

“आई, तो कॅमेरा आहे!”

सहलीच्या आदल्या दिवशी मामा खरा कॅमेरा देऊन गेला. तो मी आईच्या कपाटात, साड्यांच्या मधोमध ठेवला. उगाच धक्का नको. सकाळी निघतानाच बॅगेत ठेवू.

सकाळी डबा, बाटली, टोपी, सगळं आठवलं. बॅग पाठीवर घेतली. वजन अगदी बरोबर! खांद्यांना जराही शंका आली नाही.

लेण्यात बाईंनी अख्खा वर्ग खांबांसमोर उभा केला. केस सारखे झाले, हसू तयार झालं. मी बॅग उतरवून पाठीकडची चेन उघडली.

“बाप रे, काय प्रो आहे यार ही!” सायली म्हणाली.

मी ऐटीत पिवळं फडकं सोडलं.

सहा बटाटे.

मग सायलीने हळूच विचारलं, “यातली लेन्स कुठली गं?” आणि अख्खा वर्ग हसत सुटला! मी घाईघाईने फडकं पुन्हा गुंडाळायला लागले. तेवढ्यात बाई पुढे आल्या. एक बटाटा उचलून त्यांनी नीट निरखला.

“कॅमेरा बराच जुना दिसतो गं. कोंब आलेत.”

मग मात्र मलाच हसू आवरेना. बाईंनी तेवढ्यात आपल्या मोबाइलवर फोटो काढला. आता तो वर्गाच्या फलकावर आहे. सगळे पोट धरून हसतायत आणि एरवी टोकाला उभी राहणारी मी बरोब्बर मधे, हातात बटाटा.

मामाला फोटो दाखवताना मी मान वर केली नाही. गेला आपला कॅमेरा! मामाने फोटो बघितला, मग बॅग उलटसुलट करून बघितली. खुशीत आला की तो मालवणीवर येतो.

“बॅग एक नंबर गो! एकाय बटाट्याक धक्को लागूक नाय!”