मुलांना खरं सांगणाऱ्या बाई

सुशीलाबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी साडेचार वर्षांची होते आणि कुजबुजत बोलत होते. चिंचवड स्टेशनजवळच्या कामगारवस्तीत, पाण्याच्या टाकीपलीकडच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत बाईंची बालवाडी भरत असे. ती अजूनही तिथंच भरते, पत्रे तेवढे बदलले. आईनं मला दारात सोडलं. बाईंनी नाव विचारलं आणि मी ते इतक्या हळू सांगितलं की बाईंना पार खाली वाकावं लागलं. बाई उंच आहेत आणि वाकायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. "शैला, इथं मोठ्यानं बोललं तर कुणी रागवत नाही हं," त्या म्हणाल्या. त्यावर मी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प बसायची खूण केली म्हणे.

या गौरवग्रंथात लिहिणारी बाकीची मंडळी माझ्याहून वयानं आणि मानानं मोठी आहेत. बाईंच्या साठीनिमित्त त्यांच्या शिक्षणकार्यावर ती अधिकारानं लिहितील. मी बाईंची विद्यार्थिनी आणि आता त्याच बालवाडीतली त्यांची मदतनीस शिक्षिका. मला बाईंकडून काय मिळालं, एवढंच मला सांगता येईल.

बाई इथं आल्या तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि मधूनमधून कारखान्यांची धुराडी उभी राहत होती. गावोगावची माणसं कामाला येत होती आणि दीड खोलीत संसार मांडत होती. या संसारांना घड्याळ नव्हतं, शिफ्ट होती. बाप पहिल्या पाळीला असला की घर वेगळं, दुसऱ्या पाळीला असला की वेगळं, आणि नाईटला असला तर घरात कुणी भांडंसुद्धा आपटायचं नाही. कुठल्या मुलाचा बाप या आठवड्यात कुठल्या पाळीला आहे, हे बाईंना तोंडपाठ असे. मूल रडत आलं की त्या आधी तेच आठवत. "बाई, ही बालवाडी आहे की कंपनीचं टाइम ऑफिस?" असं एक पालक चेष्टेनं म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "टाइम ऑफिसला तुम्ही वेळेवर जाता. मुलाकडे कधी जाता?"

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाप आणि मूल यांची गाठच पडत नाही. बाप येतो तेव्हा मूल झोपलेलं, मूल बालवाडीला निघतं तेव्हा बाप झोपलेला. बाईंनी नियम केला, की त्या आठवड्यात मूल तासभर उशिरा आलं तरी चालेल, मात्र बापानं स्वतः त्याला आंघोळ घालून आणलं पाहिजे. सुरुवातीला पुरुषमंडळींनी नाकं मुरडली. पोरांना आंघोळी घालणं हे काय आमचं काम? हळूहळू केसांचा नीट भांग पडलेली आणि कानामागे साबण राहिलेली मुलं दिसू लागली. बाईंनी त्या साबणाबद्दल कुणाला कधी बोल लावला नाही.

पालकांची बैठक बाई शनिवारी दोनदा घेत, सकाळी आणि संध्याकाळी, कुठल्याही पाळीच्या माणसाला येता यावं म्हणून. त्यांचे सल्ले ऐकायला सोपे आणि करायला कठीण असत. ताट घेऊन मुलामागं धावू नका, त्याला भूक लागू द्या. दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक आपल्या मुलाला टोचण्यासाठी करू नका. आणि "बाबा आले म्हणजे सांगते, थांब," हे वाक्य घरातून हद्दपार करा. "अहो, त्या माणसाला दिवसाकाठी एक तास मूल मिळतं," बाई आयांना म्हणत, "आणि तुम्ही त्या तासाचं पोलीस ठाणं करता." बाईंचा स्वभाव तिखट आहे, हे मी या गौरवग्रंथातही लपवणार नाही. सल्ला न पाळणाऱ्या आईला त्या भर रस्त्यात थांबवून विचारत. पिंपरी कॅम्पात भाजी घेताना बाई समोरून दिसल्या की आमच्या वस्तीतल्या बायका गल्ली बदलत.

पण त्याच बाई दुसऱ्या दिवशी त्या आईच्या घरी जाऊन तासन्‌तास बसत. हायवेवर गॅरेज असलेल्या रशीदभाईंचा धाकटा मुलगा सगळ्यांना चावायचा. इतर आयांनी त्याला काढून टाका म्हणून धोशा लावला होता. बाई रशीदभाईंच्या घरी गेल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. मोठे भाऊ एकसारखे बोलत होते, धाकटा मध्ये तोंड उघडायचा आणि कुणीतरी त्याला थांबवायचं. निघताना बाई म्हणाल्या, "रशीदभाई, रोज जेवताना पहिलं बोलणं धाकट्याचं. तो संपवेपर्यंत बाकीच्यांनी जेवायचं." रशीदभाई म्हणाले, "बाई, वो क्या बोलेगा? त्याला काय बोलायचंय?" "ते त्यालाच विचारा," बाई म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चावणं थांबलं. बाईंच्या सल्ल्यानं सगळीच घरं सुधारली असं नाही. काही मुलं मार खातच मोठी झाली, आणि बाई ती नावं अजून काढतात.

आता माझ्या कुजबुजण्याची हकिकत. ती थोडी मला आठवते, बरीचशी आईनं सांगितली आहे.

माझे वडील एका कारखान्यात मशीनवर होते. ते नाईटला असले की दिवसा आमच्या दीड खोलीत साडीचा पडदा लावून झोपत आणि आई मला शिकवी, "हळू बोल. बाबा झोपलेत." मी त्यात हुशार होते. पावलं न वाजवता चालायचे, खेळण्यातली भांडी फडक्यावर ठेवायचे. एका सकाळी नाईट संपवून सायकलनं घरी येताना मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांना ट्रकनं उडवलं. ते जागीच गेले. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं, त्यामुळं मी काहीच पाहिलं नाही.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे आबा, मावळातल्या गावाहून आले आणि दिवसकार्य झाल्यावरही आमच्यासाठी राहिले. घरात काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं. "शैलाची आई, पोर ल्हान हाय. तिला काय कळतंय? बाप नाईटला गेलाय म्हना. इसरंल आपोआप." आई तेव्हा कुणाला नाही म्हणायच्या स्थितीत नव्हती. मी विचारलं, बाबा कुठं आहेत, तर नाईटला. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते हे मला माहीत होतं. मी पुन्हा विचारलं, तर बाबांची नाईट वाढली. आईच्या कपाळाला कुंकू का नाही, तर कुंकू संपलंय.

हा खोटेपणा आमच्या वस्तीतच होऊ शकला असता. दुसरीकडे बाप परगावी गेला म्हणाले असते. आमच्याकडे नाईट म्हटल्यावर मुलाला आणखी एक गोष्ट कळते, की बाबा दिवसा झोपलेले असतात आणि आपण आवाज करायचा नसतो. बाबा घरी येत नाहीत म्हणजे कंपनीतच कुठंतरी झोपत असणार, असं मी ठरवलं. मग मी दिवसभर हळू बोलू लागले. घरात, नळावर, आणि बालवाडीत गेल्यावर तिथंही. गाणी चालू झाली की मी कानांवर हात घ्यायचे आणि ओरडणाऱ्या मुलांना चिमटे काढायचे.

बाईंनी एकदा मला मांडीवर घेऊन विचारलं, "का गं, गाणं आवडत नाही?" मी त्यांच्या कानात म्हटलं, "बाबा उठतील."

त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. आबा दाराशीच बसले होते. बाईंनी सांगितलं, मुलीला खरं सांगा. आबांना राग आला. "बाई, तुमी बालवाडीत काय शिकवायचं त्ये शिकवा. घरातलं आमी बगतो. एवढ्याशा पोराच्या कानावर मरणाची गोष्ट घालायची व्हय?"

"मरणाची गोष्ट तिच्या घरात येऊन गेली," बाई म्हणाल्या. "फक्त तिला एकटीलाच माहीत नाही. ती बापाची झोप मोडू नये म्हणून गप्प बसते आहे, आबा. आणि ही झोप तर मोडायची नाही. मग तिनं किती वर्षं गप्प बसायचं?"

आई सांगते, आबा भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "मला न्हाई सांगवत. माज्या हातांवर वाढलाय त्यो. माज्या तोंडून त्यो शब्द न्हाई निघायचा." तेव्हा कुठं आईला कळलं की खोटं मला वाचवण्यासाठी नव्हतं. बाईंना ते आधीच कळलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम उतरला. "तुम्ही सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त जवळ बसा."

कसं सांगायचं ते बाईंनी आईला समजावलं. तेच मी आज बैठकीत पालकांना सांगते, म्हणून इथं लिहून ठेवते. दिवसाउजेडी सांगावं, मुलाचं पोट भरलेलं असताना, घरातच. जो माणूस पुढं मुलाजवळ राहणार आहे त्यानं सांगावं. देवाघरी गेले म्हणू नये, मूल परत कधी येणार विचारतं. झोपले म्हणू नये, मूल झोपायला घाबरतं. मेले म्हणावं. मेले म्हणजे आता त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. मग लगेच सांगावं, की तुला जेवायला कोण घालणार, वेणी कोण घालणार, शाळेत कोण सोडणार. विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यावं. आणि तेच पुन्हापुन्हा विचारलं तर पुन्हापुन्हा सांगावं, कंटाळू नये. रडू आलं तर रडावं. मुलापासून रडणं लपवलं की मूलही लपवायला शिकतं.

रविवारी जेवणं झाल्यावर आईनं मला सांगितलं. आबा शेजारी बसले होते, बाई दारात उभ्या होत्या. आईचा चेहरा मला आठवतो, शब्द आठवत नाहीत. मी म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता मोठ्यानं बोललं तर चालेल?"

आई हे सांगते तेव्हा अजून रडते. मोठ्यानं बोलायला त्यानंतरही मला बरेच महिने लागले. आबा पुढं जिवंत असेतोवर दर हंगामाला बाईंसाठी गावाकडचे आंबेमोहर तांदूळ आणत आणि दाराशी ठेवून जात.

बालवाडीत नोकरीला लागल्यावर मी बाईंना एकदा विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "माझी आई बाळंतपणात गेली. मला सांगितलं, ती माहेरी गेलीय. मी रोज तिच्यासाठी खाऊतला खाऊ ठेवायचे. शाळेतल्या एका मुलीनं भांडणात सांगून टाकलं." एवढंच. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आता शेवटचं. बाई पावसाळ्यापासून आजारी आहेत, हे इथल्या सर्वांना माहीत आहे. साठीचा समारंभ पुढच्या वर्षी व्हायचा होता, तो अलीकडे का आणला हेही सर्वांना माहीत आहे. समितीतल्या एका वडीलधाऱ्या सद्‌गृहस्थांनी मला सुचवलं, की लेखात आजाराचा उल्लेख नको, प्रसंग आनंदाचा आहे. मी बाईंना विचारायला गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "मुलांना सांगितलंस?"

मी म्हटलं, अजून नाही.

"काय सांगणार आहेस? मला म्हणून दाखव."

मी म्हणाले, "बाई फार आजारी आहेत. डॉक्टर औषध देताहेत. पण बाई कदाचित बऱ्या होणार नाहीत."

"कदाचित काढ," बाई म्हणाल्या. "मुलांना ते कळत नाही."

मी ते काढून पुन्हा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा जमलं नाही. बाईंनी पाणी प्यायला लावलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डबे खाऊन झाल्यावर, मी मुलांना सांगितलं. एकानं विचारलं, बाईंना दुखतं का. म्हटलं, हो, दुखतं. एकीनं विचारलं, मग आम्हांला कोण शिकवणार. म्हटलं, मी. मग ती सगळी खेळायला गेली, आणि मी तिथंच बसून राहिले. संध्याकाळी बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाल्या, "छान केलंस, शैला." बाईंच्या तोंडून एवढं कौतुक मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते मला नको होतं.

गौरवलेखाच्या अखेरीस दीर्घायुष्य चिंतायचं असतं. बाई, तुम्ही हे वाचाल, आणि मी काही खोटं लिहिलं तर तुम्हाला चालणार नाही. म्हणून जपून लिहिते. तुम्ही खूप जगावं. तुमचं दुखणं जावं, हाताला पुन्हा बळ यावं, तुम्ही दारात उभं राहून आयांना रागवावं आणि माझ्या शिकवण्यातल्या चुका काढाव्यात, अशी अनेक वर्षं जावीत. असं होईल, असं मी म्हणत नाही. मला हे हवं आहे, एवढंच म्हणते. आणि ते खरं आहे.