बिनआवाजाची गाडी

गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, माझा भाऊ वारला. वहिनी आणि मी दवाखान्यात होतो. दुपारी त्याला घरी आणले आणि संध्याकाळी पोचवून आलो.

भेटायला येणारे सांगतात, दादा अबोल माणूस होता. शेवटची काही वर्षे तो तसा होता, हे खरे. पण मला आठवतो तो दादा जेवताना ताटात वरणाच्या रेघांनी मोटारीची चित्रे काढायचा. आईला ती विमानेच वाटायची. ती ओरडायची, "आधी गिळ, मंग इमान उडव."

तेव्हा आम्ही शहागंजच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. आईचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. वडील गेल्यावर ती आम्हा दोघांना घेऊन शहरात आली. वाळूजला कारखान्याला लागून कारखाना उभा राहत होता. दादाला तिथे काम मिळाले. पाळी सुटली की तो शहागंजातल्या एका चाचांच्या दुकानात विजेच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने पुन्हा गुंडाळायला बसायचा.

माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. मी पुस्तकांत रमले, ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम केला, आणि क्रांती चौकाच्या पलीकडे एका नव्या महाविद्यालयात माझी निवड झाली. मुलाखतीत प्राचार्यांनी पुस्तकांविषयी एकच प्रश्न विचारला. बाकीचे सगळे पायाविषयी. "रोज कोण आणून सोडणार? भावाला त्याचं काम आहे. उद्या त्याचं लग्न होईल. मग?" शेवटी म्हणाले, "ठरल्या दिवशी स्वतःचं स्वतः येऊन रुजू व्हा. नाही जमलं तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू."

दादा म्हणाला, स्कूटर. दोन्ही बाजूंना चाके बसवून देतो. मी म्हणाले, स्कूटरला किक लागते, किक कोण मारणार? तो जेवायचा थांबला. हात कोरडा होईपर्यंत ताटावर बसून राहिला.

मी त्या दिवसांत जहाजांवरचे एक पुस्तक वाचत होते. त्याचे मन रमावे म्हणून त्यातले सांगू लागले. आधी जहाजे वाऱ्यावर चालायची, मग कोळशावर, मग तेलावर. पाणबुडीची मात्र अडचण होती. पाण्याखाली इंजिनाला हवा कुठून द्यायची? म्हणून ती खाली गेली की बॅटरीवर चालायची.

"काय म्हणलीस?" दादाने मान वर केली. "लोखंडाची एवढी मोठी बोट, बॅटरीवर?"

"हो."

"पाण्याखालून?"

"हो, दादा."

"मंग क्रांती चौकातून का नाय जाणार?"

तो तसाच उठला आणि चाचांकडे गेला. चाचा हसत म्हणाले, "मियाँ, सबमरीन बनाना है तो हर्सूल के तलाव पे जाव. मेरी दुकान में कायकू?" पण दुकानामागे पडलेला स्कूटरचा सांगाडा त्यांनीच ओढून बाहेर काढला. दादाने भंगार बाजारातून एका मालगाड्याची मोटार आणली. कारखान्यात माल इकडून तिकडे नेणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या असतात, त्यातली. ती उघडून त्याने नव्याने गुंडाळली. सीटखाली आणि पायाशी मिळून तीन बॅटऱ्या बसवल्या. हँडलजवळ तीन खटके. पहिला खटका म्हणजे एक बॅटरी, दुसरा म्हणजे दोन, तिसऱ्याला तिन्ही. ब्रेक हाताशी घेतला. पायाला काही काम ठेवले नाही.

गल्लीत पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हा माझा श्वास छातीत मावत नव्हता. खटका दाबला आणि घरे मागे सरकू लागली. धूर नाही, आवाज नाही, फक्त चाकांखाली खडी. नळावर भांडी घासणारी शेजारीण दचकून उठली. "अगं बाई, चालली का ही, का तशीच घरंगळली?" चाचा पाठीमागून ओरडत होते, "हॉर्न मार बेटा, हॉर्न! नै तो लोगां मरेंगे!" दादा गाडीच्या बाजूने पळत होता, धाप लागेपर्यंत पळत होता आणि मला म्हणत होता, "तिसरा दाब, बारके, तिसरा दाब!"

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. शहर पुन्हा पुन्हा बंद व्हायचे. खेड्यांत दलितांची घरे जळली होती, आणि तिथली माणसे मोर्चाला शहरात येत होती. माझ्या रुजू होण्याच्या दिवशीच मोर्चा आणि बंद आले. रिक्षा नाहीत, बस नाहीत, पेट्रोलपंपांना कुलपे. दादाला त्याचे केवढे सुख! "आज सगळ्या शहरात चालणारी एकच गाडी, आणि ती तुझी."

सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आले. बॅटऱ्या चार्जिंगवर होत्या, त्यांच्या पेटीचे झाकण लावलेले. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो म्हणून दादाने सगळ्यांना बजावले होते, गाडीजवळ बिडी ओढायची नाही, काडी पेटवायची नाही. आईने ना बिडी ओढली, ना तिथे काडी पेटवली. ती ताट घेऊन आली, हळदकुंकू, नारळ, निरांजन. नवी गाडी कामाला निघाली, तिला ओवाळायला नको? तिने चाकांना कुंकू लावले. मग गाडीचा जीव जिथे आहे तिथेही लावावे म्हणून पेटीचे झाकण उघडले आणि निरांजन पुढे केले. निरांजन म्हणजे आग, हे आमच्या घरात कोणाच्याच मनात आले नव्हते.

मोठा बार झाला. ताट अंगणात गेले. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला होता म्हणून आईचे डोळे वाचले. दादाने तिच्यावर आधी बादलीभर पाणी ओतले, मग खाण्याचा सोडा. बॅटरीतल्या ॲसिडने पदराला भोके पडत गेली. एक बॅटरी फुटली होती.

आई म्हणाली, "अपशकुन झाला, माय. जाऊ नगंस आज."

"अपशकुन कसला?" दादा तारा सोडवत होता. "आपण फोडायच्या आधी गाडीनंच नारळ फोडला, असं समज." आई रडता रडता हसली. त्याने फुटलेली बॅटरी बाजूला केली, उरलेल्या दोन जोडल्या आणि मला म्हणाला, "तिसरा खटका नाय आता. दुसऱ्यावर जायचं. चौकाकडं चढ लागंल, तिथं थांबू नको. थांबलीस तर गाडी उठायची नाय."

मी निघाले. तो सायकलवर मागे. बंद दुकानांमधून, मोकळ्या रस्त्याने गाडी बैलगाडीपेक्षा जरा बरी चालली होती. पैठण गेटपर्यंत मला गाणे म्हणावेसे वाटत होते.

चढाच्या सुरुवातीलाच मोर्चा आडवा आला. निळे झेंडे, भाकरीची फडकी बांधलेल्या बाया, घोषणा. दोन तरुणांनी हात आडवे केले. मी थांबले.

"ताई, बंद हाय आज. गाडी फिरवा."

"पेट्रोलची नाही ही," मी म्हणाले. "बॅटरीवर चालते."

एकाने कान टेकवला. "ही तर आधीच बंद हाय की!" आजूबाजूचे हसले. "कुठं निघाल्या?"

"महाविद्यालयात. ग्रंथालयात नोकरी लागलीय. आज रुजू नाही झाले तर जाईल."

मागून एक म्हातारी पुढे आली. तिने माझ्या पायाकडे पाहिले नाही, माझ्या तोंडाकडे पाहिले. "सरा रे. आपण कशापायी चालतोय? लेक पुस्तकाच्या कामाला निघाली, अन् तिलाच अडवता व्हय?"

वाट झाली. मी दुसरा खटका दाबला. मोटार कण्हली, गाडी हलली नाही. तरुण मागे धावले, ढकलायला हात पुढे केले.

"हात लावू नका!" दादा सायकल टाकून ओरडला. "तिला जाऊ द्या! तिची ती जाऊ द्या!"

मी खटका सोडला, पुन्हा दाबला. मोटारीचा वास येऊ लागला. हँडल जरा तिरपे धरले, चढ आडवा कापावा म्हणून, आणि चाक वीतभर पुढे सरकले. मग हातभर. मग गाडी चालू लागली, माणसाच्या चालीने. मोर्चा तिच्या दोन्ही बाजूंनी चालत होता. कोणी हात लावला नाही. टाळ्या वाजत होत्या, घोषणा चालू होत्या, आणि माझे तोंड हसून दुखत होते. चौक आला, मोर्चा वळला आणि रस्ता सपाट झाला.

प्राचार्य आवारातच राहत. फाटकाशी येऊन त्यांनी गाडीकडे पाहिले, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे. दादा मुद्दाम कोपऱ्यावरच थांबला होता.

"कोणी सोडलं?"

"कोणी नाही, सर."

त्यांनी हजेरीपट मागवला.

त्या नोकरीतून मी वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले. ती स्कूटर कधीच मोडीत गेली. आता माझ्याकडे दुकानातून घेतलेली बॅटरीची गाडी आहे. घरात वहिनी आणि मी, दोघीच आहोत. बाजारात जायचे असले की वहिनी मागे बसते आणि गाडी मी चालवते.