आधी बीपी, मग मोदक

अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या शेजारची मुलगी डेंटल स्कूलला जाण्याआधी वर्षभरात पब्लिक हेल्थचं मास्टर्स उरकत होती. मी दिसलो की विचारायची, "काका, आज वॉक केला?" आणि उत्तराआधीच पुढे पळायची.

मंडळाच्या गणपतीत तिनं बीपी तपासायचं टेबल मांडलं. तिचा प्रोजेक्ट त्यावरच अवलंबून होता, पण तिकडे कोणी फिरकेना. सगळे जेवणाच्या रांगेत. तिनं टेबल उचलून मोदकांच्या पुढ्यात ठेवलं.

"आधी बीपी, मग मोदक!"

"ही काय दादागिरी गं?" एक काकू म्हणाल्या.

"काकू, इट्स पब्लिक हेल्थ!"

हशा पिकला, बाह्या वर सरकल्या. मीही हात पुढे केला. पट्टा आवळताना ती वैतागली, "काका, हसू नका ना, रीडिंग चुकतं."

बायको गेल्यापासून मला 'हसू नका' म्हणायची वेळ कोणावर आली नव्हती.