झाकणाची आतली बाजू

मालकाला शेजारी बसवल्याशिवाय डिसमिसकाका कुणाच्याही कॉम्प्युटरचं झाकण उघडत नसत. मांडवीजवळच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती आणि तिच्यात दोन स्टुलं होती, एक त्यांचं, एक गिऱ्हाइकाचं. कुणी 'ठेवून जातो, संध्याकाळी येतो' म्हणालं की ते मशीन उचलून परत त्याच्या हातात देत. "डॉक्टरकडे पोरगा ठेवून बजारमां फिरायला जाता का?" असं वर विचारत. बडोद्यातले गुजराती लोक स्क्रूड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. तो काकांच्या खिशात पेनाच्या जागी खोचलेला असे, म्हणून आमच्या घरात त्यांचं हे नाव पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते मी कधी उच्चारलं नाही.

त्यांची दुसरी सवय लिहिण्याची. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, ते काळ्या मार्करने गुजरातीत तारीख आणि केलेलं काम लिहीत. मी नसलो तर पुढच्याला कळायला हवं की आधी काय झालंय, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्याला काकांचा केसपेपर म्हणत असू.

आमची आणि त्यांची ओळख नानांमुळे झाली. नाना म्हणजे माझे वडील. निवृत्त झाल्यावर त्यांनी भाच्याच्या ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि एका बोटाने मराठी टाइप करायला बसले. माझे आजोबा संस्थानात शाळातपासनीस होते, कडी प्रांतात उंटावरून गावोगाव फिरत. त्यांच्या फिरतीच्या गोष्टी नानांनी लहानपणी ऐकल्या होत्या आणि त्या लिहून ठेवायच्या, एवढं एकच काम त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. तीन वर्षं ते टाइप करत होते. छापून मात्र एक पान काढलं नाही, पुरं झाल्यावर एकदम काढू म्हणत. मशीन तर महिन्याआड आजारी पडे. मग नाना शहरातल्याच अकोट्याच्या आमच्या घरून रिक्षा करून ते मांडवीला नेत आणि नियमाप्रमाणे काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसत. काकांचं मराठी शेजारपाजाऱ्यांकडून उचललेलं, नानांचं गुजराती शाळेत शिकलेलं. सकाळी गेलेले नाना जेवायच्या वेळेलाही परतत नसत. आम्ही चिडवायचो की मशीन बरं आहे, पेशंट तुम्हीच आहात.

नाना गेले आणि चार-पाच महिन्यांत त्यांच्या कॉम्प्युटरनेही अंथरूण धरलं. तीनदा चालू केला की एकदा चाले, मध्येच निळा पडदा येई, आतून टकटक ऐकू येई. माझ्या मुलीला कॉलेजसाठी मशीन हवंच होतं. काका म्हणाले, कंपनीचा तयार घेऊ नका, मी जुळवून देतो. त्यांनी एकेक भाग निवडून आणला. एक तर मनासारखा मिळेना म्हणून आठवडाभर थांबवलं. मी कुरकुर केली की त्यांची म्हण ठरलेली, "उतावळे आंबा न पाके." सगळं जुळल्यावर त्यांनी आत कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला आणि बटण माझ्या मुलीला दाबायला लावलं. पडदा उजळला तेव्हा काका आमच्याहून जास्त खूश दिसत होते.

मग नानांच्या फायली नव्या मशीनवर आणल्या आणि मी पहिली उघडली. मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसत्या वेड्यावाकड्या इंग्रजी खुणा, पानामागून पान. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. त्या काळात जो तो व्हायरसच्या धाकात असे. मी ठरवून टाकलं की हा व्हायरसच, त्यानेच जुनं मशीन मारलं आणि नानांचं लिखाण खाल्लं. काकांनाही दुसरं काही सुचलं नाही, पण ते म्हणाले, "बेन, आठवडा थांबा. जुनी डिस्क मी पेटीत ठेवतो. उतावळ नको."

मला तो कचरा बघवत नव्हता. नानांचं आजारपण मी पाहिलं होतं, आता त्यांचे शब्दही सडलेले बघायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हटलं, सगळं पुसून टाका, जुन्या डिस्कसकट, आणि ती भंगारात द्या. काकांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. ते दोनदा विचारत, तिसऱ्यांदा नाही. वस्तू गिऱ्हाइकाची, शब्दही गिऱ्हाइकाचा. शेजारच्या स्टुलावर बसून मी सगळं पुसलं जाताना पाहिलं.

दोन महिन्यांनी, मी शिकवत असे त्या शाळेची निमंत्रणपत्रिका करायला मी दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात गेले. तिथल्या माणसाने एक फाइल उघडली आणि पडद्यावर त्याच वेड्यावाकड्या खुणा आल्या. त्याने फॉन्ट बदलला. डोळ्यांदेखत त्या खुणांचं स्वच्छ मराठी झालं. नव्या मशीनवर नानांचा मराठी फॉन्ट घातलेला नव्हता, बस, एवढंच झालं होतं. लिखाण शेवटपर्यंत धडधाकट होतं.

तशीच मांडवीला गेले आणि काकांना सांगितलं. त्यांनी हातातला डिसमिस खाली ठेवला. मग म्हणाले, "भूल मारी, बेन. मी अडून बसायला पाहिजे होतं."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की नाही काका, तुम्ही दोनदा विचारलंत. मी म्हटलं नाही. खरं सांगते, दोष दुसऱ्याने उचलला म्हणून त्या क्षणी मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला आजतागायत वाटते.

महिनाभर ते भंगारवाल्यांकडे ती डिस्क शोधत होते. मिळाली असती तरी आत काही उरलं होतं का, देव जाणे. मग एका रविवारी सकाळी ते अकोट्याला आमच्या दारात उभे. म्हणाले, "नानासाहेब माझ्याकडे बसून आजोबांच्या वातो करत ते. जेवढं याद आहे तेवढं लिहून घ्या."

तेव्हापासून दर रविवार तसाच गेला. आल्या आल्या ते मशीन उघडून धूळ झटकत आणि मला चहा करायला पिटाळत. मालकाने शेजारी बसायचा नियम तेवढ्यापुरता मोडत. चहा घेता घेता सांगायला लागत. एका गावात तपासनिसांच्या स्वागताला दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. आजोबा उतरायच्या आत उंटाने ते खाऊन टाकलं, आणि आजोबांनी शेरेबुकात लिहिलं की स्वागत पोहोचले. काका हे सांगताना नाना जिथे थांबत तिथेच थांबत आणि नाना हसत तिथेच हसत. मी खाली मान घालून लिहीत राही. एक वही भरली. तीन वर्षांच्या लिखाणातलं तेवढंच आमच्याजवळ उरलं.

दर रविवारी मी ठरवायची, आज सांगायचं की चूक तुमची नव्हती. मग वाटे, पुढच्या रविवारी. घाई कशाला, असं मी त्यांच्याच म्हणीने स्वतःला समजावत होते. एका रविवारी ते आले नाहीत. दुकानाचा जिना चढताना छातीत कळ आली आणि ते तिथेच गेले. बेसण्याला, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेला, जाऊन मी त्यांच्या बायकोजवळ अर्धा तास बसले. तिथेही ते सांगायचं राहून गेलं.

पुढे लॅपटॉप आले आणि काकांचं मशीन कोपऱ्यात पडून राहिलं. शेवटी ते मोडीत काढायला समा भागातल्या एका मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही तुमचं काम करा, मी सुटं करून घेऊन जातो. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. त्याने झाकण काढलं. आतल्या बाजूला काकांचं गुजराती अक्षर होतं. 'नवुं मशीन. दीकरीए चालू कर्युं.' दीकरी म्हणजे माझी मुलगी. त्याखाली, 'नानासाहेबनुं लखाण गयुं. भूल मारी.' आणि त्याखाली रविवारमागून रविवारच्या तारखा. 'उंटनी वात.' 'वरसादनी वात.' 'वात अधूरी, आवता रविवारे.'

गोष्ट अर्धी, पुढच्या रविवारी, या शेवटच्या ओळीशी मी अडकले. मेकॅनिकला म्हटलं, बाकी सगळं न्या, हे झाकण राहू द्या. मग मुलीच्या टेबलावरचा मार्कर आणला आणि त्यांच्या अक्षराखाली मराठीत लिहिलं, 'काका, तुम्ही दोनदा विचारलं होतंत. भूल माझी.' पत्र्यावरची शाई वाळेपर्यंत मी तिथेच शेजारी बसून राहिले.