उंबऱ्याबाहेरची हाक
दाराची कडी वाजली की मला माझा तो भ्याडपणा आठवतो, जो मी इतकी वर्षे मुलीच्या माथी मारला होता. रत्नागिरीतल्या आमच्या घरी तिन्हीसांजेला पुढचे दार उघडे असे, आणि कोणी हाक मारली की आधी 'या' म्हणायचे, मग कोण ते पाहायचे, अशी रीत होती. त्या संध्याकाळी शाळकरी मुलगी मला रक्तपिपासू पिशाच्चांची जपानी ॲनिमे मालिका दाखवत होती. चित्रांना काय भ्यायचे, असे मनाशी म्हणत मी बसलो; पण मालिकेतला एक फिकट तरुण उंबऱ्याबाहेरून गोड आवाजात 'मला आत बोलवा' अशी विनवणी करू लागला, तेव्हा मी नकळत पाय खुर्चीवर ओढून घेतले. "बोलावल्याशिवाय त्याला आत येताच येत नाही," मुलगी हसून म्हणाली, "आपल्याकडे तर त्याची चैनच आहे, बाबा!" तेवढ्यात अंधारलेल्या अंगणातून घोगरी हाक आली, "आहात काय घरात?" माझ्या तोंडून 'या' निघेना. मी धावत जाऊन दार लोटले आणि कडी घातली. बाहेर शेजारच्या आजी होत्या, फणसाच्या भाजीची वाटी घेऊन आलेल्या. त्यांचा आवाज ओळखून पत्नी स्वयंपाकघरातून संतापून आली. "म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर दार कोणी लावलं?" "हिने," मी म्हणालो. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि निमूटपणे बोलणी खाल्ली. परवा ती मुंबईहून आली आणि तिन्हीसांजेला दारातूनच तिने हाक मारली. मी 'ये' म्हणालो, आणि ती उंबऱ्यावर असतानाच बोलून गेलो, "बाळा, ते दार मी लावलं होतं. मी घाबरलो होतो. मला माफ कर."